मागच्या रांगेतला माणूस

आमच्या मालकांना तुमी एकदा काही इचारून बघा. लय अवघड न्हाई, साधंच इचारा, चहा झाला का म्हून. ते हो म्हणतील. तुमी आपल्या वाटेनं जाल. पण ते घरी येतील अन् मला धरून बसतील. "रुख्मिणे, त्यानं चहाचं इचारलं, मी हो म्हणलं. बरोबर म्हणलं का गं? त्याला असं तर वाटलं नसंल, की ह्याला माझ्या घरचा चहा नको हाय?" मी म्हणते, न्हाई वाटलं. "कशावरून?" मग स्वयंपाक होईस्तोर, जेवणं होईस्तोर, भांडी घासून होईस्तोर तो एक चहा आमच्या घरात उकळत राहतो.

मुंजाजी त्यांचं नाव. आमचं गाव पालम तालुक्यात, फाट्यावर एस्टीतून उतरलं की चालत जावं लागतं इतकं आत. कोरडवाहू तुकडा हाय, त्याच्यावर वर्ष निघत न्हाई. म्हून दिवाळी झाली की आमची जोडी ऊस तोडायला जाते अन् उन्हाळा लागला की परत येते. मालक कोयता चालवतात, मी मोळ्या बांधते, वाहते. माणूस वाईट न्हाई. दारू न्हाई, मारझोड न्हाई, पोरांवर कधी हात उचलला न्हाई. गल्लीतल्या बाया मला म्हणतात, रुख्मिणे, नशीब काढलंस बाई. मी म्हणते, घेऊन जा एक दिवस तुमच्या घरी. सांजच्याला स्वतःच्या पायानं परत आणून सोडताल.

हमेशा असे नव्हते. थोडे होतेच, जन्मापासून, सासूबाई सांगायच्या की शाळेत मास्तरानं रागावलं तर हे पोरगं आठ-आठ दिवस तेच बोलायचं. पण त्याला कुणी आजार म्हणत नसतं. अन् दुसऱ्या बाजूनं देवानं गळा असा दिला होता की इचारू नका. आमच्या भागात लग्नात माईकवर पुकारायला माणूस लागतो. कुठल्या गावचे कोण पाहुणे आले, त्यांचं नाव घेऊन स्वागत करायचं, बाहेर उभं राहिलेल्यांना मांडवात बोलवायचं, अक्षदा वाटल्या का ते बघायचं. नाव राहिलं तर पाहुणा जेवल्याबिगर उठून जातो, अन् ती गोष्ट पुढं दोन पिढ्या निघते. आमचे मालक उसात दिवसभर मान खाली घालून राबणारे, पण माईक हातात आला की मान वर. "मौजे अमुक येथील प्रतिष्ठित पाहुणे यांचं मांडवात आगमन झालेलं आहे, वधू-वर पक्षाच्या वतीनं त्यांचं हार्दिक, हार्दिक स्वागत!" एक हार्दिक पुरत नसायचं त्यांना. मी बायांमधी बसून ऐकायची अन् तोंडाला पदर लावून हसायची. आवडायचं मला, खोटं कामून सांगू.

हा माईक त्यांच्या हातात पहिल्यांदा दिला तो आश्रुबानं. आश्रुबा गावातला वडीलधारा माणूस, मालकांपेक्षा मोठा, पण दोघांची दोस्ती अशी की एकाला ठेच लागली तर दुसरा आई गं म्हणायचा. प्रत्येक लग्नाला आश्रुबा तपकिरी कोट घालून यायचा, भर उन्हाळ्यात बी. पुढच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर बसायचा. अन् मालक त्याला बघितलं की माईकवर म्हणायचे, "आमचे आश्रुबा काका आलेले आहेत, आता लग्नाला उशीर न्हाई!" सगळा मांडव हसायचा. असं किती लग्नांत झालं त्याचा हिशोबच न्हाई.

एका वर्षी आमी लांब, कर्नाटकाच्या अंगाला टोळीवर गेलतो. संक्रांतीच्या सुमाराला इकडं आश्रुबा वारला. छातीत कळ आली अन् गेला. आमाला कुणी सांगितलं न्हाई. लपवलं असं बी न्हाई. त्याच्या भावाला वाटलं, मुकादमानं सांगितलं असंल. मुकादमाला वाटलं, घरून फोन आला असंल. आमच्या दिराला वाटलं, एवढी जवळची दोस्ती, मुंजाला सगळ्यात आधी कळलं असंल. असं एकमेकांवर राहिलं.

हंगाम संपला, सकाळी ट्रॅक्टरनं आमाला गावात आणून सोडलं, अन् त्याच दिवशी सटवाजीच्या पोरीचं लग्न. सटवाजी आमच्या शेजारचा. भांडी अजून ट्रॉलीतून उतरायची होती तर हा दारात. "मुंजा, बरं झालं बाबा आलास. तुझ्याबिगर मांडव सुना हाय, चल लवकर." मालकांनी दोन तांबे पाणी अंगावर घेतलं, धुतलेला सदरा घातला अन् गेले. सटवाजी बी घाईत होता. त्याला काय वाटलं असंल, तुमीच सांगा.

पाहुणे यायलते, हे पुकारायलते. तेवढ्यात मांडवाच्या दारातून आश्रुबाचा भाऊ आला. तसाच उंच, तसाच चालणारा. अंगात आश्रुबाचा तपकिरी कोट. भावाचा कोट टाकून कसा द्यायचा म्हून घातला होता बिचाऱ्यानं. मालकांना डोळ्यांत उन्हाची तिरीप, दिसला तो फक्त कोट. अन् ते हसत हसत माईकवर म्हणले, "आमचे आश्रुबा काका आलेले आहेत! आता लग्नाला उशीर न्हाई!"

ह्या येळी कुणी हसलं न्हाई. मी बायांमधीच होते. आश्रुबाची बायकू कडूबाई माझ्यापासून जरा पुढं, कोपऱ्यात बसली होती. तिचं कपाळ मोकळं हाय हे माझ्या ध्यानात यायच्या आधीच ती उठली. हातात पाण्याचा गिलास तसाच. उठली अन् मांडवाच्या दाराकडं बघायला लागली.

मग कुणीतरी तिला खाली बसवलं. सटवाजीनं पळत जाऊन माईक काढून घेतला अन् मालकांच्या कानात सांगितलं. मी लांबून त्यांचं तोंड बघितलं. पुढं कितीतरी वर्षं मी तेच तोंड बघत आले.

त्या दिवसापासून सुरू झालं. "रुख्मिणे, ती उठली तवा तिचं तोंड कसं होतं?" "ती आधी उठली का आधी बघितलं?" "मी काका म्हणलं का नुसतं आश्रुबा म्हणलं?" "हसत म्हणलं का गं मी? लय हसत म्हणलं का?" उसाच्या फडात कोयता वर उचलायचे अन् तसाच धरून उभे राहायचे. मी ओरडले की ऊस पडायचा. मी प्रत्येक येळी उत्तर देत गेले. तुमची चूक न्हाई. तुमाला ठाऊक नव्हतं. लोक विसरले. एक उत्तर दिलं की त्याला दोन प्रश्न फुटायचे. माझा जबडा दुखायला लागायचा हो, खरं सांगते, भाकरी चावून न्हाई, उत्तरं देऊन.

तुमी म्हणताल, कडूबाईला समोर बसवून मिटवून टाकायचं. ती स्वतः आलती. पुढल्याच आठवड्यात आली, ओसरीवर बसली, चहा घेतला अन् म्हणली, "मुंजाभाऊ, मनावर घेऊ नका." देवमाणूस बाई. ती वळली अन् ह्यांनी मला इचारलं, "मनावर घेऊ नका म्हणली. म्हंजे मनावर घेण्यासारखं हायच की न्हाई?" मी कपाळ बडवून घेतलं. पुढं तर त्यांनी तिच्या गल्लीतून जायचं सोडलं. दळण आणायला देवळामागून वळसा घालून जायचे. माईक तर सुटलाच.

देवाधर्माचं सगळं केलं. पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलले, अंगारा लावला, दोरे बांधले. एकानं सांगितलं, आश्रुबानं धरलंय. मी म्हणलं, आश्रुबा धरणारा माणूस नव्हता, धरायचंच असतं तर हसत धरलं असतं.

मोठ्या पोराचं, जीवनचं लग्न निघालं तवा मला वाटलं, आता तरी सरळ होतील. अक्षदा पडल्या, व्याही भेटायची येळ झाली. नवरीचा बाप हार घेऊन उभा. माईकवरून पुकारा झाला, "मुलाचे वडील मुंजाजी यांनी मांडवात यावं." आले न्हाईत. पुन्हा पुकारा झाला. तिसऱ्यांदा झाला. मी हुडकत गेले तर बोअरच्या मागं, गवतात बसलेले. म्हणले, "कडूबाई आल्या हायेत मांडवात. मला बघून त्यांला ते आठवंल." मी हात धरून ओढलं, उठले न्हाईत. शेवटी व्याह्यानं तो हार माझ्या दिराच्या गळ्यात घातला. सूनबाईचं तोंड मी आजवर विसरले न्हाई. तिच्या माहेरचे अजून बोलतात.

आता ह्या वर्षी अर्पिताचं ठरलं. आमची धाकटी, बापाला दादा म्हणणारी. परभणीला नर्सिंगचं शिकली, तिथंच एका दवाखान्यात लागली. शांत पोरगी, पण बोलली की शेवटचं बोलते. पाहुणे बघून गेले, सुपारी फुटली, अन् ती भाकरी खाता खाता मला म्हणली, "माय, दादा मांडवात शेवटपर्यंत उभे राहणार असतील तरच मला हळद लावा. बोअरमागं बाप हुडकायला मी कुणाला पाठवणार न्हाई."

"अगं, ते काय मुद्दाम करतेत का?"

"न्हाई करीत. म्हून तर म्हणते, दवाखान्यात नेऊ."

मालक आत बसून ऐकायलते. मला वाटलं, चिडतील. ते बाहेर आले अन् म्हणले, "मला येड्यात काढायलात का गं दोघी?" मी म्हणलं, "येड्यात मी निघायले तुमच्यापायी, चला." अशी आमची वरात निघाली एस्टीनं परभणीला. रस्ताभर त्यांचं एकच, कंडक्टरला सुट्टे दिले तवा तो नीट बोलला न्हाई, त्याला राग आला का.

मनाच्या डॉक्टरनं तपासलं, झोपेची एक गोळी लिहून दिली अन् बोलायला सविता मॅडमकडं पाठवलं. जवान बाई, चष्मा, केसाला साधा चिमटा. मालकांनी सगळं सांगितलं, कोट, गिलास, दार, सगळं. तिनं मधी एकदा बी घड्याळ बघितलं न्हाई. मी मात्र दोनदा बघितलं, आमची परतीची एस्टी होती.

मग तिनं स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. म्हणली, "इथं मागं मेंदूचा एक भाग असतो. आणि आत खोल एक बदामाएवढा भाग असतो. काही दुःखाचं, भीतीचं घडलं की आतला भाग ओरडायला लागतो. कपाळामागचा त्याला गप बसवू शकतो. किंवा आणखी ओरडायला लावू शकतो. दोन्ही तोच करतो. मुंजाजी, तुमच्यासारखी माणसं, ज्यांचं मन एकाच गोष्टीवर घोळत राहतं, त्यांच्या मेंदूच्या तपासण्या झाल्यात. त्यांना वाईट चित्रं दाखवून सांगितलं, हे दुःख मनात वाढवा. तर त्यांच्या आतला भाग बाकीच्यांपेक्षा जास्त पेटला. सराव असतो ना."

मी म्हणलं, "हे तर मी बिनतपासणीचं सांगितलं असतं."

ती हसली. "पुढचं ऐका. त्यांनाच मग सांगितलं, आता हेच दुःख कमी करा, लांबून बघा, दुसऱ्याच्या नजरेनं बघा. तर तेही त्यांना जमलं."

"म्हंजे यांना जमतंय अन् करीत न्हाईत?" माझा पारा चढला. इतकी वर्षं मी काय झक मारली का, असं तोंडावर आलतं.

"जमतं, पण तो रस्ता पायाखालचा नाही. हे रोज वाढवायच्या रस्त्यानं जातात आणि यांना वाटतं आपण प्रश्न सोडवतोय. बाई, तुमचे मालक आळशी नाहीत. त्यांचा मेंदू दिवसभर राबतो, नुसता स्वतःभोवती राबतो. म्हणून थकतात."

मेंदू राबतो म्हणे. मोळ्या मी वाहते. पण ते शब्द ऐकून मालकांनी मान खाली घातली अन् हळूच म्हणले, "लय थकलोय मॅडम." इतक्या वर्षांत मला ते असं कधी म्हणले नव्हते. मला इचारायचं सुचलंच न्हाई अन् त्यांना सांगायचं सुचलं न्हाई. मला राग यायचा होता तो कुठल्या कुठं गेला, नुसतं रडू आलं.

निघताना मॅडमनं दोन कामं सांगितली. मालकांना सांगितलं, ती गोष्ट रोज एकदा सांगायची, पण मी म्हणायचं न्हाई. मांडवात मागच्या रांगेत बसलेल्या एखाद्या माणसाला जे दिसलं तेवढंच सांगायचं, मुंजाजी असं स्वतःचं नाव घेऊन. अन् मला सांगितलं, "तुम्ही उत्तरं देणं बंद करा. तुमच्या प्रत्येक उत्तरानं प्रश्न पुन्हा सुरू होतो. त्यांनी विचारलं की एवढंच म्हणा, मागच्या रांगेतल्या माणसाला काय दिसलं?"

"मग मी जन्मभर काय करीत होते?" मी म्हणलं.

"माया करत होतात," ती म्हणली. बोलायला हुशार होती, मला गप केलं तिनं.

पहिले काही दिवस सगळा तमाशाच. "मी मांडवात..." असं सुरू करायचे. मी म्हणायची, मी न्हाई, मुंजाजी. "हां, मुंजाजी मांडवात... रुख्मिणे, पण मी हसत म्हणलं का गं?" मी दातावर दात धरायची. उत्तर जिभेवर तयार असायचं, इतक्या वर्षांचं पाठ. ते गिळणं म्हंजे काय असतं ते मला इचारा. मागच्या रांगेतल्या माणसाला काय दिसलं, मागच्या रांगेतल्या माणसाला काय दिसलं, मला त्या माणसाचाच वीट आला. बसायला दुसरी जागा न्हाई का म्हणलं मेल्याला.

एका सकाळी अंगणातल्या चुलीवर मी भाकरी थापायलते. हे पुढ्यात उकिडवे बसून पुन्हा, "मी..." माझं डोकं फिरलं. हातातलं उलथनं त्यांच्या हातात कोंबलं. "घ्या माईक! उभं राहा अन् पुकारा. माईकवर तुमी कधी मी म्हणायचात का?"

उभे राहिले. उलथन्याकडं बघितलं, थोडं हसले. मग मान वर गेली. मी तो आवाज कितीतरी वर्षांनी ऐकला.

"तर मंडळी, त्या दिवशी सकाळी मुंजाजी ट्रॅक्टरमधून उतरला. हंगामभर ऊस तोडून आलेला. अंगाला अजून पाचटाची खाज होती. सटवाजीनं त्याला बोलावलं. येताना तो आश्रुबाच्या घरावरून आला. दार लोटलेलं होतं. मुंजाजीला वाटलं, काका आपल्या आधी जाऊन बसला असंल खुर्चीवर." इथं ते थांबले. "मंडळी, मुंजाजीला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. एकट्या मुंजाजीला कुणी सांगितलं नव्हतं, की आश्रुबा..."

उलथनं मातीत पडलं. ते माझ्याकडं असं बघायला लागले, जसं मीच आता बातमी आणली होती.

"रुख्मिणे, आश्रुबा मेला गं."

अन् खाली बसून रडले. असे रडले की शेजारची सून कुडाच्या वरून डोकावली. तव्यावरची भाकरी जळाली, मी उठले न्हाई. इतकी वर्षं आमच्या घरात कडूबाईचा गिलास होता, कोट होता, दार होतं, माईक होता. आश्रुबा नव्हता. त्याचा दहावा, तेरावा आमी उसात असताना होऊन गेला. मांडवात कळलं तवा शरमेनं रडायला जागाच ठेवली न्हाई. दोस्त गेला त्याचं ह्या माणसानं एक टिपूस गाळलं नव्हतं. माझ्या बी हे ध्यानात आलं न्हाई, मी उत्तरं देण्यात गुंतलेली.

तुमाला वाटंल, झालं, माणूस बरा झाला. कुठलं हो. दुसऱ्या दिवशी मला इचारतात, "काल मी रडलो ते शेजारच्या सुनंनं बघितलं, तिला काय वाटलं असंल?" पण प्रश्न आता थकल्यासारखा यायचा अन् कधी कधी आपला आपण परत जायचा.

पत्रिका छापून आल्या. पहिली पोखर्णीला नरसिंहाच्या पायाशी ठेवली. कडूबाईची पत्रिका द्यायला मालक उठेनात. पायात वहाणा घालायचे, काढायचे. शेवटी मीच अक्षदा घेऊन गेले. तिनं मला पाट दिला, पाणी दिलं.

"येते की," ती म्हणली. "पण मुंजाभाऊला सांग, मला बघून पळू नका म्हणावं. मला पळणाऱ्या माणसाचा कंटाळा आलाय बाई. लग्नात गेलं की लोक माझ्याकडं बघतात, ही उठते का बसते. म्हून मी बी जाणं कमी केलं."

मग म्हणली, "त्या दिवशी मी कामून उठले ठाऊक हाय का? मला खरंच वाटलं, आलं माझं माणूस. कोट दिसला, नाव ऐकलं. पापणी लवेपर्यंतच. पण तेवढं तरी आलं होतं, रुख्मिणे. त्याच्यानंतर कधी सपनात बी आलं न्हाई."

मी आणलेल्या अक्षदा तिच्या हातावर ठेवल्या.

"हे त्यांना सांगू नको," ती म्हणली. "त्याच्यावर बी घोळ घालीत बसतील."

मी सांगितलं न्हाई.

लग्नाचा दिवस उजाडला. पुकारायला पालमचा साउंडवाला होता, माईक त्याच्याकडंच. मालक फेटा बांधून मांडवात उभे. मी एक डोळा नवरीवर अन् एक त्यांच्यावर ठेवलेला. अंतरपाट धरला, भटजीनं पहिलं कडवं म्हणलं, अन् त्याच येळेला मांडवाच्या दारात कडूबाई आली. मालकांनी बघितलं. मी बघितलं की त्यांनी बघितलं. अंतरपाटाच्या कडेनं अर्पिता बापाकडं बघायली.

मालक जागचे हलले. गेला, म्हणलं, हा माणूस गेला बोअरमागं, अन् माझ्या पोरीचं वाटोळं झालं. माणसांतून वाट काढत ते सरळ दाराकडं गेले. मला ओरडायचं होतं, भर अक्षदात कसं ओरडू?

ते दारात थांबले. कडूबाईसमोर. "या," म्हणले. एवढंच. तिच्या पुढं पुढं चालत तिला पार समोर घेऊन आले, पुढच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला उठवलं अन् तिथं तिला बसवलं. बाप्यांच्या रांगेत बाईमाणूस, तेबी विधवा, लोक बघायले. मालक परत येऊन आपल्या जागी उभे राहिले. अर्पितानं डोळे पुसले अन् पुढं बघितलं. शेवटच्या अक्षदा पडेपर्यंत ते तिथंच होते. व्याह्याला कडकडून भेटले. पोरगी निघाली तवा तिनं त्यांच्या गळ्यात पडून किती येळ सोडलं न्हाई.

वरात गेली. मांडव रिकामा झाला, साउंडवाला वायरी गुंडाळायलता. आमी दोघं खुर्च्यांवर बसलो, पायात गोळे आलते. मला ठाऊक होतं, आता प्रश्न येणार. आलाच.

"रुख्मिणे, मी नुसतं या म्हणलं. या वहिनी म्हणायला पायजे होतं का गं?"

उत्तर जिभेवर आलं. मी गिळलं. "मागच्या रांगेतल्या माणसाला काय दिसलं?"

मालकांनी फेटा सोडून मांडीवर ठेवला. "मागच्या रांगेतल्या माणसाला दिसलं, की मुंजाजी दारापर्यंत गेला. आश्रुबाच्या बायकूला घेऊन आला. आश्रुबाच्या खुर्चीवर बसवलं." फेट्यावरनं हात फिरवला. "त्या मुंजाजीला आज आश्रुबाची लय याद आली, असं दिसलं."

कडूबाईनं मला सांगू नको म्हणलं होतं. पण मला वाटलं, एकदा सगळ्यांनी ह्या माणसाला सांगायचं एकमेकांवर सोडलं, त्यातून एवढं झालं. आता मी बी तेच करू का? मी म्हणलं, "मागच्या रांगेतल्या बाईला आणखी एक ठाऊक हाय." अन् सांगितलं. ती कामून उठली ते, पापणी लवेपर्यंत आश्रुबा आला होता ते, सगळं सांगितलं.

मालक किती तरी येळ मांडवाच्या दाराकडं बघत बसले. मी दोन्ही हात जबड्याला लावून वाट बघायलते, आता ह्याला किती प्रश्न फुटतेत म्हून.

"खरंच असं म्हणली का गं?" त्यांनी इचारलं.

"म्हणली," मी म्हणलं.

एवढं एक उत्तर मी दिलं. मॅडमला सांगू नका.